उपकारांची वही: कठीण दिवसांत देवाची मदत आठवायची कशी

सासूबाई गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा खालच्या कप्प्यात एक लांबट वही मिळाली. हिशोबाला वापरतात तसली, पाठीला लाल कापडाची पट्टी. पुढून उघडली तर घरखर्च. उलटी धरून मागून उघडली तर तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एखाददुसरी ओळ. ‘ताप पहाटे चारला उतरला.’ ‘फीची सोय झाली, शेवटच्या दिवशी.’ ‘भाऊंचं पत्र आलं, सुखरूप आहेत.’ पानंच्या पानं अशी. त्यात प्रार्थना लिहिलेल्या नव्हत्या, वचनं नव्हती, ‘देवाची स्तुती असो’ असंही कुठे नव्हतं. नुसत्या नोंदी.

एक पान १९८३ सालचं. त्यावर दोनच वाक्यं होती: ‘मागितलं ते मिळालं नाही. रात्रभर एकटी नव्हते.’ त्या आठवड्यात त्यांचं धाकटं बाळ गेलं होतं, चार दिवसांचं. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. मला ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी यांच्याकडून कळलं होतं.

वही मी ठेवून दिली. तिचं काय करायचं हे तेव्हा मला समजलं नव्हतं. ते समजलं २०१५ साली, यांना रात्री अडीचच्या सुमाराला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळे उघडे, माझ्याकडे बघताहेत, आणि तोंडातून एकही शब्द येत नाही. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून मी प्रार्थना करायला डोळे मिटले आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडेही शब्द नाहीत. लहानपणापासून प्रार्थना करत आलेली मी बाई, पण ‘हे प्रभू’ एवढं म्हटल्यावर पुढे काही सुचेना. लोकांचे फोन येत होते, ‘देवावर भरवसा ठेवा’ म्हणत होते. ठेवायचा होता हो, पण कशाला धरून? त्या वेळी डोक्यात नेमक्या वाईट गोष्टी येत होत्या. कोण कोण असंच गेलं, कुणाचं बोलणं परत आलंच नाही, सगळं एकामागून एक.

दुसऱ्या दिवशी विम्याचे कागद आणायला घरी गेले. ते त्याच कप्प्यात होते. कागदांबरोबर वहीही पिशवीत टाकली आणि बाकावर येऊन हळू आवाजात वाचत बसले. ताप उतरला. फीची सोय झाली. पत्र आलं. अशा चाळीसेक नोंदी वाचल्या असतील. तिकडे स्कॅनमध्ये काही बदललं नव्हतं, डॉक्टरांचा चेहरा सकाळी होता तसाच होता. पण मला एक वाक्य सुचलं. मी म्हटलं, ‘प्रभू, तू यांच्या आईजवळ होतास. आता इथे ये.’ ती माझी हॉस्पिटलमधल्या त्या १९ दिवसांतली पहिली पूर्ण प्रार्थना.

तेव्हापासून मी स्वतःची वही ठेवते. लोक विचारतात, कशी ठेवायची, काय लिहायचं, अडचणीत वाचायची तरी कशी. म्हणून हे सगळं लिहिते आहे. मला अनुभवाने एवढं पटलंय की देवाने पूर्वी केलेली मदत संकटात आपणहून आठवत नाही. ती आधी बारीकसारीक तपशिलासह लिहून ठेवावी लागते, आणि वेळ आली की मोठ्याने वाचावी लागते.

विसरण्याबद्दल आधी

आपण विसरतो म्हणून आपला विश्वास खोटा, असं समजू नका. मानसशास्त्रही सांगतं की मन खिन्न असलं की खिन्न आठवणी आधी वर येतात. ही मनाची घडणच आहे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तर या विसरण्याच्या इतक्या कहाण्या आहेत की वाचून धीर येतो. समुद्र दुभंगलेला डोळ्यांनी पाहिलेले इस्राएल लोक, आणि थोड्याच दिवसांत पाण्यासाठी कुरकुर करताहेत. दावीद घ्या. पोरसवदा असताना शौल राजापुढे छातीठोकपणे उभा राहून सांगतो की ज्याने मला सिंहाच्या आणि अस्वलाच्या तावडीतून सोडवलं तोच या पलिष्ट्याच्या, म्हणजे शत्रूकडच्या धिप्पाड गल्याथाच्या, हातून सोडवील (१ शमुवेल १७). तोच दावीद दहाच अध्यायांनंतर मनात म्हणतो की एक ना एक दिवस मी शौलाच्या हातून मरणार (१ शमुवेल २७). मधल्या काळात शौल त्याच्या जिवावर उठला होता, आणि देवाने त्याला कितीदा वाचवलं होतं! पण पळून पळून थकलेल्या माणसाला त्यातलं काही आठवलं नाही.

म्हणूनच आठवण ठेवण्याचं काम देवाने माणसाच्या मनावर सोपवून दिलं नाही. यहोशवाच्या वेळी इस्राएलांनी यार्देन नदी ओलांडली तेव्हा नदीच्या पात्रातून १२ धोंडे उचलून गिलगालात उभे करायला सांगितलं, प्रत्येक वंशाचा एक (यहोशवा ४). खांद्यावरून उचलून न्यायचे धोंडे, म्हणजे हातात मावणारे खडे नव्हेत. मान्नाचं, म्हणजे रानात देवाने रोज पुरवलेल्या अन्नाचं, एक भांडं भरून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायला सांगितलं (निर्गम १६). हात लावून बघता येईल अशी आठवण. वही हा त्यातलाच माझा धोंडा आहे.

काय लिहायचं

कुठलीही वही चालेल. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण माझा अनुभव असा की रात्री फोन हातात घेतला की आपण वही सोडून दुसरंच काहीतरी बघतो, आणि त्या आजाराचं नाव टाइप करून वाचत बसलात तर मग झोपच संपली. कागद बरा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोघम लिहिणं. ‘या वर्षी देवाने खूप सांभाळलं.’ असली वाक्यं माझ्याही पहिल्या वहीत भरपूर आहेत, आणि पहाटे तीनला त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. कसं सांभाळलं? कधी? काय होणार होतं, आणि काय झालं? मन घाबरलेलं असलं की ते वकिलासारखं उलटतपासणी घेतं. त्याच्यापुढे मोघम साक्ष टिकत नाही.

आता ही दुसरी नोंद बघा. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळची आहे, नंतर आठवून लिहिलेली:

‘मंगळवार, रात्री अकरा. रक्तस्राव थांबेना. बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. दोन ठिकाणी नाही म्हणाले. हे लिफ्टजवळ फोनवर बोलत होते ते एका अनोळखी मुलाने ऐकलं. तो म्हणाला, माझा तोच गट आहे. हातात हेल्मेट होतं त्याच्या. नाव विचारायचं राहिलं. मला वाटत होतं मी मुलीला बघणार नाही. बुधवारी दुपारी तिला मांडीवर घेतलं.’

यात हेल्मेट आहे म्हणून ती नोंद खरी वाटते. मी कितीही घाबरलेली असले तरी ते हेल्मेट मला दिसतं, आणि हेल्मेट दिसलं की तो मुलगा दिसतो, आणि मग ती बुधवारची दुपार.

तर नोंदीत दिवस आणि जागा येऊ द्या. त्या वेळी नेमकी कशाची भीती वाटत होती ते त्या वेळच्याच शब्दांत लिहा, नंतरच्या शहाणपणाने ते सौम्य करू नका. मदत काय आली आणि कुणाच्या हातून आली ते लिहा. आणि काय आलं नाही, तेही. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

तपशिलाचा हा आग्रह माझ्या पदरचा नाही. मार्कच्या ८व्या अध्यायात शिष्य तारवात बसलेले आहेत आणि बरोबर एकच भाकर आहे म्हणून चिंतेत आहेत. नुकतंच त्यांनी हजारो लोकांना जेवताना पाहिलंय. येशू त्यांना विचारतो, तुम्हाला आठवत नाही का? आणि मग तो सरळ आकडे विचारतो. पाच हजारांना पाच भाकरी मोडल्या तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्या? ते म्हणतात, १२. चार हजारांना सात मोडल्या तेव्हा? ते म्हणतात, ७. मला हा प्रसंग फार आवडतो. ‘देवाने पुरवलं होतं ना?’ असं विचारलं असतं तर ‘हो, पुरवलं होतं’ म्हणून ते मोकळे झाले असते. टोपल्यांचा आकडा सांगायचा तर त्या टोपल्या पुन्हा डोळ्यांसमोर आणाव्याच लागतात. त्यांनीच तर त्या उचलल्या होत्या.

मदत डॉक्टरांच्या हातून आली, शेजाऱ्यांच्या हातून आली, तर तसंच लिहा. काही जणांना वाटतं की माणसाचं नाव लिहिलं की देवाचा मान कमी होतो. मला तसं वाटत नाही. त्या मुलाच्या दंडातून रक्त निघालं आणि ते देवाने पाठवलं, ही दोन्ही वाक्यं माझ्या वहीत एकाखाली एक आहेत. मात्र ओढूनताणून चमत्कार लिहू नका. बस वेळेवर मिळाली, पाऊस थांबला, असल्या प्रत्येक गोष्टीला साक्ष म्हणून लिहायला लागलं तर खऱ्या नोंदींचं वजन जातं. मी स्वतःला विचारते, हे मी कोर्टात शपथेवर सांगेन का? सांगणार असेन तर लिहिते.

जुनं कसं शोधायचं

वही कोरी असते तेव्हा वाटतं, आपल्या आयुष्यात असं काही घडलंच नाही. घाई करू नका. एका बैठकीला आयुष्यातली पाच-पाच वर्षं घ्या. जुने डिस्चार्ज पेपर काढा, पासबुकं काढा, मुलांच्या शाळेचे दाखले, फोटोंचे आल्बम. पासबुकात एखाद्या महिन्यात शिल्लक जवळजवळ शून्यावर आलेली दिसते आणि तरी पुढचं पान असतं. ते पुढचं पान कसं आलं? तिथे बहुधा एक नोंद लपलेली असते. घरातल्या माणसांना विचारा. माझ्या मोठ्या बहिणीला विचारलं तेव्हा तिने मला माझ्याच बालपणातला एक प्रसंग सांगितला, मी तळ्यात पडले होते आणि एका धोब्याने ओढून काढलं होतं. मला त्यातलं काहीही आठवत नाही. माझ्या वहीतली ती पहिली नोंद आहे, बहिणीच्या शब्दांत.

पहिल्या महिन्यात माझ्या ११ नोंदी झाल्या. तेवढ्या पुष्कळ झाल्या. तीन झाल्या तरी पुरे. आणि हे सगळं बरे दिवस असताना करायचं. वादळात होडी बांधता येत नाही, तिच्यात फक्त बसता येतं.

वेळ येते तेव्हा

इथे मात्र क्रम महत्त्वाचा आहे, आणि लोक तोच चुकवतात. वही लगेच उघडायची नाही. आधी काहीतरी खा, पाणी प्या, जमलं तर तासभर आडवे व्हा. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला होता, अगदी ताजी गोष्ट. आणि तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत त्याला ‘कर्मेल आठव’ असं म्हणत नाही. ‘ऊठ, खा’ म्हणतो. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो. बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी होतं. उपाशी आणि न झोपलेल्या माणसाला साक्षी वाचून दाखवण्यात काही अर्थ नसतो, आणि तो माणूस आपण स्वतः असलो तरी नियम तोच.

मग जे मनात आहे ते आधी देवापुढे ओता. तक्रार असेल तर तक्रार. हे मी शिकले ते स्तोत्रकर्ता आसाफ याच्या ७७व्या स्तोत्राकडून. त्यात २० वचनं आहेत आणि माझ्या मते या विषयावर याहून खरं कुणी लिहिलेलं नाही. पुष्कळांना वाटतं की देवाची आठवण काढली की लगेच शांती मिळते. आसाफ सुरुवातीलाच म्हणतो की देवाची आठवण झाली की मी कण्हतो, झोप येत नाही, बोलवतही नाही. जुने चांगले दिवस आठवून आधी त्रासच होतो: तेव्हा होतास तर आता कुठे आहेस? मग सातव्या ते नवव्या वचनात तो देवाविषयी सहा प्रश्न विचारतो, एकाहून एक कठीण. देवाने कायमचं टाकलं का, त्याची दया संपली का, त्याचं वचन खोटं पडलं का, तो कृपा करायला विसरला का. हे प्रश्न पवित्र शास्त्रात आहेत. कुणी ते खोडून टाकले नाहीत. आणि अकराव्या वचनात तो ठरवतो की मी परमेश्वराची कृत्यं आठवीन. ‘आठवतात’ असं तो म्हणत नाही, ‘आठवीन’ म्हणतो. तिथून पुढे समुद्र, मेघ, विजा आणि शेवटी मोशे व अहरोन यांच्या हाती कळपासारखे चाललेले लोक.

त्याचे सहा प्रश्न मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत. आधी ते वाचते. कधी कधी त्या रात्री तिथेच थांबते. तेही चालतं.

पुढे जाववलं तर एक नोंद निवडा. एकच. आयसीयूच्या बाकावर मी चाळीस वाचल्या, पण तेव्हा मला काही माहीत नव्हतं. नंतरच्या अनुभवावरून सांगते, भराभर वाचलं की त्या नुसत्या ओळी होतात. एक नोंद घ्या आणि मोठ्याने वाचा. शेजारी कुणी झोपलेलं असेल तर पुटपुटत, पण ओठ हलले पाहिजेत. डोळ्यांनी वाचताना मन दुसरीकडे जातं, आवाजाबरोबर ते थोडं तरी थांबतं. वाचून झाल्यावर त्या नोंदीतली एक वस्तू डोळ्यांसमोर धरा. माझं हेल्मेट.

मग एक छोटं वाक्य देवाशी बोला, त्या प्रसंगाला धरून. ‘तेव्हा लिफ्टजवळ तू कुणालातरी उभं केलंस.’ आणि त्याला जोडून आजच्या दिवसापुरतं एक मागणं. आजच्या दिवसापुरतंच. मान्ना रोजच्या रोज गोळा करायचा होता, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. हे पूर्ण बरे होतील का, पैसे पुरतील का, पुढे काय, हे सगळं एका रात्री मागायला गेले की माझा श्वास कोंडतो. ‘आज रात्री ताप वाढू नये’ एवढं मला मागता येतं.

‘येथवर’ म्हणजे किती

आता ज्या भागाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो. मागची मदत ही पावती नाही, की देवाच्या खिडकीत सरकवली आणि तेवढीच मदत पुन्हा मिळाली.

शमुवेल संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा केला आणि त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा असं नाव दिलं. म्हणाला, येथवर परमेश्वराने आपल्याला साहाय्य केलं आहे (१ शमुवेल ७). हे आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. पण एबन-एजर हे नाव त्याआधी चौथ्या अध्यायातही येतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. इस्राएलांनी तिथे छावणी दिली आणि पलिष्ट्यांकडून मार खाल्ला. मग कुणीतरी म्हणालं, कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) आणू या, म्हणजे आपण वाचू. कोश आणला, जयघोष केला, भूमी दणाणली. आणि ते आणखी वाईट हरले, कोशही शत्रूच्या हाती गेला. ज्या कोशापुढे यार्देन थांबली होती तोच कोश! जुनी मदत त्यांनी ताईत म्हणून गळ्यात बांधली, देवाला विचारलं नाही. सातव्या अध्यायात मात्र ते उपास करतात, रडतात, पाप कबूल करतात, आणि मग धोंडा उभा राहतो.

वहीचाही ताईत होऊ शकतो. ‘तेव्हा वाचवलंस म्हणजे आता वाचवलंच पाहिजेस’ असं मी म्हणायला लागले की मी थांबते. ‘येथवर’ या शब्दात उद्याबद्दल काहीही नाही. तो शब्द कालपर्यंतचं सांगतो आणि आज आपण ज्याच्यासमोर उभे आहोत तो कोण हे सांगतो. दावीदानेही सिंह आणि अस्वल आठवले, पण गल्याथाशी तो त्यांच्याशी लढला तसा लढला नाही. ओढ्यातले पाच गोटे घेऊन गेला. मदत वेगळी होती, करणारा तोच होता. मी वहीत हे शोधते: तो कसा आहे. काय देईल याची यादी मला त्यातून काढता येत नाही, आणि जेव्हा जेव्हा काढायला गेले तेव्हा माझी निराशाच झाली.

मिळालं नाही त्याची नोंद

सासूबाईंच्या त्या १९८३ च्या पानाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. त्यांनी ते गाळलं असतं तर बाकीच्या नोंदींवर माझा विश्वास बसला नसता. ज्या वहीत फक्त मिळालेलंच लिहिलेलं असतं ती वाईट रात्री खोटी वाटते.

म्हणून न मिळालेलंही त्याच वहीत लिहा. वेगळी वही नको, मागचं पानही नको. तारखेप्रमाणे, जिथे येतं तिथे. त्याचं स्पष्टीकरण लिहू नका. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ असं वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असेल तर तेही लिहू नका. जे झालं ते लिहा, आणि त्या वेळी जवळ काय होतं ते लिहा. काहीच नसेल तर ‘काहीच नव्हतं’ असं लिहा. ८८व्या स्तोत्रात शेवटपर्यंत उजाडत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते देवाला उद्देशून म्हटलेलं आहे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढं उत्तर आलं (२ करिंथ १२). हेही त्याने लिहून ठेवलं, लपवलं नाही.

माझ्या वहीत अशा सात नोंदी आहेत. त्यांतल्या दोन आता वाचताना वेगळ्या दिसतात. पाच अजून तशाच आहेत.

आठवणच नसेल तर

विश्वासात नवीन असलेली माणसं म्हणतात, आमच्याकडे मागचं काहीच नाही. आणि काहींचं आयुष्यच असं गेलेलं असतं की मागे वळून बघायचा धीर होत नाही. त्यांना जबरदस्तीने मागे बघायला लावू नये. अशा वेळी दुसऱ्याची आठवण उसनी घ्यावी. गिलगालातले धोंडे ज्यांच्यासाठी उभे केले ती मुलं नदी ओलांडताना नव्हतीच. ती मोठी झाल्यावर विचारणार होती, या धोंड्यांचा अर्थ काय, आणि बापांनी त्यांना सांगायचं होतं. मीही त्या बाकावर उसन्याच आठवणीवर बसले होते. कुणातरी म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, तुमचा सगळ्यात वाईट काळ कोणता, आणि तुम्ही त्यातून कसे निघालात? लिहून घ्या. त्या माणसालाही बरं वाटतं.

दुसऱ्याच्या संकटात मात्र जीभ आवरा. ‘देवाने तुला तेव्हा कसं वाचवलं, आठवतं ना?’ हे पहिल्या आठवड्यात ऐकताना दटावल्यासारखं वाटतं. मला कुणीतरी असं म्हणालं होतं आणि मी बाकावरून उठून गेले होते. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर न बोलता बसले. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. पुढे ते बोलायला लागले आणि बिघडलं. आठवणीचं बोलणं त्या माणसाने स्वतः काढलं तरच काढावं.

आणि झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीवर भिस्त ठेवून बसू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. मी स्वतः त्या वर्षी पाच महिने गोळ्या घेतल्या. त्याची नोंद वहीत आहे, डॉक्टरांच्या नावासकट.

यांचं बोलणं हळूहळू आलं. पूर्ण वाक्य यायला सात महिने लागले. उजवा हात परत आला नाही, ती माझ्या सातांपैकी एक. स्पीच थेरपीत रोज काहीतरी मोठ्याने वाचायला सांगितलं होतं, तेव्हा हे आपल्या आईच्या वहीतल्या नोंदी वाचायचे, कारण त्यांची वाक्यं छोटी आहेत. ‘ताप पहाटे चारला उतरला’ हे म्हणायला त्यांना पहिल्यांदा जवळजवळ एक मिनिट लागलं. ‘पहाटे’वर अडत होते.

आता माझ्या वहीत हेही लिहितात, डाव्या हाताने, मोठ्या अक्षरात, एका पानावर चार ओळी मावतात. वहीला पेन दोऱ्याने बांधून ठेवायची माझी पहिल्यापासून पद्धत आहे, गरजेच्या वेळी पेन सापडत नाही म्हणून. तुम्हीही बांधा. आमच्या वहीला आता जाड पेन बांधलंय. बारीक पेन यांच्या डाव्या हातात टिकत नाही.